कॅम्पिंगची प्रोपेनची टाकी कुठे ठेवायची?

नमस्कार मंडळी,

लाँग वीकेंडच्या कॅम्पिंगला मिसळ आणि चहा आमच्याकडे आहे. २० पौंडांची प्रोपेनची टाकी आजच भरून आणली आणि गराजमध्ये ठेवली. पाऊस आला तर शेगडी तंबूच्या दारात घेतलेली चालेल ना? काका, मुंबईत असलात तरी उत्तर द्याच!

---

अगं, आधी टाकी गराजमधून बाहेर काढ, मग पुढचं वाच.

मी सध्या मुलुंडला आईकडे आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये पाइपचा गॅस अजून आलेला नाही, त्यामुळे तेच १४.२ किलोचं लाल सिलिंडर. परवा गॅसवाल्याने टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडात पाण्याचे चार थेंब सोडले आणि मला वाकून बघायला लावलं. बारीक बुडबुडे! "पिन बसली नाय," म्हणत त्याने टोपण परत दाबलं, सिलिंडर खांद्यावर टाकलं आणि दुसरं घेऊन आला. आई आतून ओरडली, "खिडकी राहू दे, बाल्कनीचं दार उघड!"

तिचं बरोबर आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला की जमिनीलगत पसरतो, खळग्यात साचून राहतो. तुमच्या घरातल्या शेगडीला पाइपने येतो तो मुख्यतः मिथेन, हलका, वर जाणारा. त्या सवयीवर प्रोपेन हाताळू नका. गराजमध्ये वॉटर हीटरची ज्योत असते, तीही खालीच. बेसमेंटचं तर नावच नको. टाकी घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब, सावलीत, उभी. पावसाने तिला काही होत नाही.

गाडीतही उभीच बांध, व्हॉल्व्ह बंद, काच थोडी खाली. वाटेत दुकानात शिरायचं तर कोणीतरी गाडीपाशी थांबा. टाकी ८० टक्केच भरतात ती उन्हात द्रव फुगतो म्हणून. तिथे पोचल्यावर नळी जोडली की भांड्यांच्या साबणाचा फेस सांध्यावर लाव. फेस फुगला तर व्हॉल्व्ह बंद, चहा रद्द. काडी लावून बघणारे महाभाग आपल्या मंडळात आहेत, नावं घेत नाही.

तंबूच्या दारातही शेगडी नको. गळलेल्या गॅसला मुद्दाम घातलेला वास असतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. झोपलेल्याला कळतही नाही. ताडपत्री उंच बांधा, बाजू मोकळ्या ठेवा आणि शेगडी तिच्या कडेला.

जाता जाता: त्या ब्युटेनच्या छोट्या डब्यांवर विसंबू नका. पहाटे पारा शून्याला टेकला की ब्युटेन रुसतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होतो, त्यामुळे चहा मिळेल.

---

काका, टाकी मागच्या अंगणात, कुंपणाजवळ नेऊन ठेवली. आईंना नमस्कार सांगा. मंडळी, मोठी ताडपत्री कोणाकडे आहे? आमची गणपतीच्या मांडवात फाटली.