जगलेल्या झाडाचे पैसे मागितले तर निसर्गप्रेम बाटतं का?

रानजाई: काल इथे एकांनी लिहिलं, 'बायकांना पैसे देऊन झाडं जगवायची, मग निसर्गप्रेम कुठे राहिलं? आमच्या वेळी श्रमदान होतं.' रात्रभर डोक्यात घोळत होतं, म्हणून आता लांबलचक लिहिते. श्रमदान होतं जुलैत, फोटोपुरतं. एप्रिलमध्ये घागर घेऊन टेकडी कोण चढतं? आमच्याकडे रोजगार हमीतल्या झाडं जगवायच्या 'बिहार पॅटर्न'मध्ये दोनशे झाडांमागे चार कुटुंबं नेमली, तीन वर्षं देखभाल, मजुरी जगलेल्या झाडांच्या हिशोबाने. त्यातल्या एका काकूंनी मडक्याच्या बुडाला भोक पाडून सुताची वात लावली आणि करंजाच्या प्रत्येक आळ्यात एकेक मडकं पुरलं. वरून उसाचं पाचट. २०१९च्या ३३ कोटी वृक्षलागवडीत त्याच टेकडीवर जे लावलं, त्यातली आज फक्त लोखंडी पाटी जिवंत आहे.

बंड्या_वाडीवरचा: पाटीचं पटलं. पण तीन वर्षांनी मजुरी थांबली की? माझ्या आजोबांनी लावलेल्या चिंचेसाठी कुणी मस्टर भरलं नव्हतं.

रानजाई: चिंचेला पाणी कोण घालायचं?

बंड्या_वाडीवरचा: ...आजी. बरं, पुढे बोला.

विहीरकाठ: मजुरीचं नंतर, आधी ते प्रशिक्षण बंद करा. आमच्या बचत गटाला दोन दिवस रोपवाटिका शिकवली. पिशवीत माती किती, शेणखत किती! अहो, आमचा जन्म त्यात गेला. चहा-बिस्किटं, फोटो, प्रमाणपत्र. विकायचं कसं, लेखी करार कसा करायचा, यावर अवाक्षर नाही. पाच हजार रोपं केली. 'आम्हीच उचलतो' म्हणणाऱ्या कार्यालयाने ऐन पावसाळ्यात दुसरीकडून गुलमोहर आणला. आमच्या चिंचेची मुळं पिशव्या फोडून जमिनीत गेली.

रानजाई: म्हणूनच केनियाचं उदाहरण देते. वांगारी मथाईंनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. बाया स्वतः रोपवाटिका चालवायच्या आणि जगलेल्या रोपामागे चार अमेरिकन सेंट मिळायचे. रक्कम किरकोळ, पण लावल्याची नाही, जगल्याची.

बंड्या_वाडीवरचा: केनिया कशाला? आपल्याकडचं हिवरे बाजार गाव बघा. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. गवत वाढलं, दूध वाढलं.

शेळीराखी: आलं चराईबंदीचं कौतुक! आमच्या गावात ठराव झाला तेव्हा ग्रामसभेत आमच्या वस्तीवरची एक तरी बाई होती का? जमीन नवऱ्याच्या नावावर, शेळ्या तेवढ्या बाईच्या. पोराची फी, दवाखाना, सगळं त्या चार शेळ्यांवर. तुमचं झाड जगावं म्हणून तिने त्या विकायच्या?

विहीरकाठ: तुमच्या शेळ्यांनी माझी साठ रोपं एका दुपारात शेंड्यापासून साफ केली होती.

शेळीराखी: माझ्या? मी तुमच्या तालुक्यातही नाही. आणि कुंपण का नव्हतं?

विहीरकाठ: अंदाजपत्रकात होतं. जागेवर बाभळीची फांदीही नव्हती.

शेळीराखी: मग अंदाजपत्रक खाणाऱ्याला धरा, शेळीला कशाला?

बंड्या_वाडीवरचा: शेळी म्हणजे वाळवंट आणणारं जनावर. शास्त्र आहे.

शेळीराखी: शास्त्र वाचणाऱ्यांनी एकदा तरी लेंड्या गोळा कराव्यात. तुमच्या रोपवाटिकेतलं लेंडीखत काय आभाळातून पडतं?

रानजाई: धागा शेळ्यांचा नाहीये!

शेळीराखी: आहे, ताई. शेळी कुठे चारायची हे न ठरवता लावलेलं झाड चाऱ्यातच जमा. डोंगराची एक बाजू दोन-तीन वर्षं बंद ठेवा, दुसरी उघडी. बंद बाजूचं गवत कापून नेऊ द्या. आणि राखणीची मजुरी शेळ्यावाल्या बायकांनाच द्या. मग आत शेळी शिरते का, बघते मी.

विहीरकाठ: ...चोराच्या हाती किल्ली. पण कदाचित खरंच चालेल.

रानजाई: चालेल, मजुरी वेळेवर आली तर. रोजगार हमीचा २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तोही हातात उशिरा पडणार असेल, तर बाई सोयाबीन काढायला जाईल नाहीतर काय करील? मग म्हणायचं बायकांना झाडांची आस्था नाही.

बंड्या_वाडीवरचा: मजुरीला माझा विरोध नाहीच. तीन वर्षांनंतरचं काय, हे अजून कुणी बोललं नाही.

रानजाई: चिंच, करंजाच्या बिया, गवत यांचा हक्क झाडं जगवणाऱ्या त्या चार कुटुंबांतल्या बायकांनाच लेखी द्या.

बंड्या_वाडीवरचा: ग्रामपंचायत लेखी देईल? स्वप्नं बघा. ते असो. @विहीरकाठ, चिंचेची रोपं उरलीत का? वीस हवी होती. श्रमदानात लावतो.

विहीरकाठ: उरलीत. एकाचे पंधरा रुपये. श्रमदान तुमचं, रोप माझं.