भारत आणि बांगलादेश: आकडा एकच, मग जगणं कुठलं बरं? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा अडलंय.

आमच्या अभ्यासगटात दर महिन्याला कुणीतरी एक विषय मांडतो. या खेपेला माझी पाळी. 'शेजारच्या देशातला सामान्य माणूस आपल्यापेक्षा बरा जगतो का?' हा विषय मीच हौसेनं मागून घेतला आणि शेजारी म्हणून बांगलादेश निवडला. वाटलं, मानव विकास निर्देशांक (आयुर्मान, शिक्षण आणि मिळकत मिळून काढलेला एक आकडा) काढू, फळ्यावर दोन खांब रंगवू, वीस मिनिटं बोलू आणि चहाला मोकळे होऊ.

तर संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या अहवालात दोघांचा निर्देशांक ०.६८५. क्रमांकसुद्धा एकच, १३०वा. आता खांब कसले रंगवणार, कपाळ!

मग आतले रकाने पाहिले. बांगलादेशात सरासरी आयुर्मान ७४.७ वर्षं, आपल्याकडे ७२. शाळा आणि मिळकत यांत आपण किंचित पुढे. म्हणजे त्यांची जास्तीची पावणेतीन वर्षं आणि आपली थोडी शाळा, थोडा पैसा यांची फिट्टंफाट झाली. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी १९९०मध्ये हा निर्देशांक आणला तो नुसत्या उत्पन्नाकडे बघण्याची खोड मोडावी म्हणून. अमर्त्य सेन यांना मात्र सगळं जगणं एका आकड्यात कोंबणं सुरुवातीला पटलं नव्हतं. का ते मला परवा रात्री साडेअकराला कळलं.

कमी मिळकतीत तिकडची माणसं जास्त कशी जगतात, हे शोधताना एक फारच आवडलेली गोष्ट सापडली. १९८० ते १९९० या काळात 'ब्रॅक' या तिथल्या स्वयंसेवी संस्थेच्या बायका घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवत होत्या. तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सव्वा कोटीच्या आसपास घरं केली त्यांनी. आणि खरी मेख पुढे आहे: काही दिवसांनी दुसरं कुणी जाऊन आयांना विचारायचं, पाणी करून दाखवायला सांगायचं, आणि आईला किती आठवतंय त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. आपल्याकडच्या प्रशिक्षण शिबिरांच्या हजेरीपटावरच्या सह्या आठवून हसू आलं.

पण त्याच देशात दुसरी गोष्ट. तळ्याचं घाण पाणी पिऊन पोरं दगावतात म्हणून १९७०च्या दशकापासून गावोगाव नलिकाकूप (हापसे) खणले गेले. १९९३मध्ये कळलं की त्या पाण्यात आर्सेनिक आहे. पुढे तपासण्या झाल्या आणि हापशांची तोंडं रंगवली गेली, लाल म्हणजे पिऊ नका, हिरवं म्हणजे चालेल. जंतूंपासून वाचवलेलं पाणी विषारी निघालं! हे 'पाण्याची सोय' या रकान्यात अधिक धरायचं की उणे?

असा प्रत्येक रकाना भांडतोय. पाच वर्षांच्या आत दगावणारी मुलं: तिकडे हजारी ३१ (२०२२ची पाहणी), आपल्याकडे ४१.९ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ५, २०१९-२१). अठराच्या आत लग्न झालेल्या मुली: तिकडे जवळजवळ निम्म्या, आपल्याकडे २३.३ टक्के. हवेचं तर बोलायलाच नको, ढाका आणि दिल्ली झाकावी एक अन् काढावी दुसरी.

बायकोनं तक्ता पाहिला आणि एवढंच म्हणाली, "कुठला देश बरा, हे विचारताय कुणाला? चार वर्षांच्या पोराला की पंधरा वर्षांच्या पोरीला?"

तिथंच घोडं अडलंय. जाणकारांनी सांगा: रकान्यांना वजन कसं द्यायचं? की वजन द्यायचंच नाही?

*

प्रतिसाद: वजनाचं नंतर बघू, आधी तागडीत काय टाकलंय ते बघा. सतरा कोटींच्या देशासमोर तुम्ही एकशेचाळीस कोटींचा देश ठेवलाय. आपल्याकडच्या त्याच पाहणीत वर्षाच्या आत दगावणारी बाळं केरळात हजारी ४.४ आणि उत्तर प्रदेशात ५०.४ आहेत. यांची सरासरी काढून जे येतं, तसं कुठं कुणी जगत नाही. बांगलादेशासमोर पश्चिम बंगाल ठेवून बघा. १९४७ला एकाच प्रांताचे दोन तुकडे झाले. भाषा तीच, गाळाची जमीन तीच, आर्सेनिकसुद्धा दोन्हीकडे. जे सारखं आहे ते बाजूला पडलं की सरकारांनी आणि संस्थांनी काय केलं ते नीट दिसेल. आणि वजनं देऊ नका. रकाने तसेच मांडा, भांडू देत गटातल्या लोकांना.

*

धागाकर्ता: धन्यवाद, हे डोक्यातच आलं नव्हतं. लगेच आकडे काढले. पाचाच्या आतले बालमृत्यू पश्चिम बंगालमध्ये २५.४, म्हणजे बांगलादेशापेक्षाही कमी. माझा 'ते पुढे, आपण मागे' हा अर्धा मुद्दा तिथंच आडवा झाला. पण बालविवाह ४१.६ टक्के! देशाच्या सरासरीच्या पावणेदोन पट. पोरींच्या बाबतीत मधलं कुंपण असून नसल्यासारखंच दिसतंय.

तक्ता नव्याने करतोय, चार वर्षांचं पोर एका बाजूला, पंधरा वर्षांची पोर दुसऱ्या बाजूला. आता शेवटची मदत: पश्चिम बंगालमध्येही हापशांची तोंडं अशी लाल-हिरवी रंगवली होती का? तिकडे राहिलेलं कुणी असेल तर कृपया लिहा. रविवारी बोलायचंय.