मदत हवी आहे: फुटबॉलचे फोटो काढताना मोनोपॉड (एका पायाची टेकूची काठी) घ्यावा की कॅमेरा हातातच धरावा?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर होणाऱ्या स्थानिक फुटबॉल सामन्यांचे फोटो काढते. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार या मंडळांचे सामने ज्यांनी पाहिलेत, त्यांना तिथला वेग वेगळा सांगायला नको. फोटो विकायचे नसतात, खेळणाऱ्या मुलांनाच देते. एखाद्याला आपला हेडर मोठा छापून घरात लावता यावा, अशी मनापासून इच्छा असते, म्हणून मोबाइलवर बरा दिसणारा फोटो पुरत नाही. चेहऱ्यावरचा घाम आणि बुटाच्या लेस दिसायला हव्यात.

कॅमेरा निकॉन डी७५००, लेन्स एएफ-पी ७०-३०० मिमी. आता २००-५०० एफ/५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) वापरलेली, चांगल्या अवस्थेत मिळते आहे आणि ती घ्यायचं जवळपास ठरलंय. ७०-३०० चं वजन ६८० ग्रॅम आहे, तर २००-५०० कॉलरसकट (टेकू लावायचं लेन्सभोवतीचं कडं) २३०० ग्रॅम. कॅमेरा धरून तीन किलो झाले. सामन्याच्या उत्तरार्धात हे हातात पेलेल का, ही पहिली शंका.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची आहे. चारचा सामना सुरू होतो तेव्हा ऊन असतं, शटर १/१२५० किंवा १/१६०० सेकंद सहज मिळतो आणि फोटो स्वच्छ येतात. शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत उजेड उतरतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ३२०० च्या वर न्यायला मन धजत नाही, मग शटर १/५०० वर आणते. त्या फोटोंत मागची गॅलरी बऱ्यापैकी स्पष्ट असते, छातीवरचा नंबर वाचता येतो, पण बॉल मारणारा पाय आणि बॉल दोन्ही ओढल्यासारखे दिसतात. मोनोपॉड लावला तर हे थांबेल का?

ज्यांना विचारलं त्यांचे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. लग्नाचे फोटो काढणारे एक ओळखीचे दादा म्हणतात, मोठ्या लेन्सला ट्रायपॉड हवाच. दुसरे म्हणतात, खेळात कसलाही टेकू घेऊ नये, हालचाल अडकते. मोनोपॉडवर उंच उडालेल्या बॉलच्या मागे जाता येतं का? बसून काढायचं तर त्याचा काय उपयोग? आणि घ्यायचाच तर काय बघून घ्यावा? प्रत्यक्ष मैदानावर वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, ट्रायपॉडचा विचार सोडून द्या. तीन पाय पसरले की मीटरभर जागा जाते आणि टचलाइनवरून घसरत बाहेर आलेला खेळाडू थेट त्यावर जाऊन पडू शकतो. पंच किंवा आयोजक तो तिथे ठेवू देणार नाहीत आणि देऊही नये. व्हिडिओ काढणाऱ्यांनी गॅलरीत वर लावावा, तिथे तो हवाच.

प्रतिसाद २

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. मागची गॅलरी स्पष्ट आहे आणि पाय ओढलेला आहे, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा हात हलला असता तर गॅलरीसकट सगळंच एका दिशेने ओढलेलं दिसलं असतं. म्हणजे कॅमेरा स्थिर होता, खेळाडू हलला. मोनोपॉड, ट्रायपॉड, व्हीआर (लेन्समधली थरथर कमी करणारी सोय) हे सगळं कॅमेऱ्याची हालचाल कमी करतं. समोरचा माणूस त्याने थांबत नाही. त्याला फक्त शटर थांबवतं.

थोडं गणित मांडतो. जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला साधारण ८ मीटर जातो. १/५०० सेकंदात तो १६ मिलिमीटर सरकतो, १/१६०० मध्ये ५ मिलिमीटर. तुमच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमीला ५० मीटरवरची फ्रेम सुमारे ३.९ मीटर रुंद असते आणि ती ५५६८ पिक्सेलमध्ये विभागली जाते, म्हणजे एका पिक्सेलला ०.७ मिलिमीटर. आडवा धावणारा खेळाडू १/५०० ला तेवीसेक पिक्सेल पसरतो, १/१६०० ला सात. छातीवरचा नंबर मोठा असतो, म्हणून एवढं पसरूनही तो वाचता येतो. पण पाय धडाच्या वेगाने जात नाही. ताकदीने मारलेला बॉल सेकंदाला २५ मीटर धरला, तर १/५०० मध्ये तो पाच सेंटीमीटर जातो. बॉलचा व्यास २२ सेंटीमीटर आहे. जवळजवळ पाव बॉल पसरला, तर तो लांबट दिसणारच.

आता लेन्सचं. तुमची ७०-३०० ही ३०० ला एफ/५.६ आहे आणि २००-५०० सुद्धा एफ/५.६ आहे. संध्याकाळच्या उजेडात नवी लेन्स तुम्हाला काडीचाही जास्त प्रकाश देणार नाही. उलट ५०० मिमीला तीच हालचाल आणखी मोठी दिसेल, म्हणजे शटर आणखी वर न्यावा लागेल. एफ/२.८ ची ७०-२०० घेतलीत तर त्याच आयएसओला १/५०० च्या जागी १/२००० मिळतो आणि वजन दीड किलोच्या आसपास राहतं. लांबचं टिपायला ५०० मिमी उपयोगी आहे, हे मान्य. पण तुमची अडचण शेवटच्या वीस मिनिटांची आहे आणि ती या लेन्सने किंवा टेकूने सुटत नाही.

तोवर एक करा. संध्याकाळी आयएसओ ६४०० वर न्या आणि शटर १/१००० च्या खाली येऊ देऊ नका. डी७५०० चा सेन्सर ते सोसतो. दाणेदार फोटो छापल्यावर बराच निवळतो, ओढलेला फोटो कशानेच निवळत नाही.

प्रतिसाद ३

वरचं सगळं पटलं. तरीही मोनोपॉड घ्याच, असं मी म्हणेन. कारण फोटोची धार हे नसून तुमचे खांदे हे आहे. मी पिंपरीत हॉकीचे सामने काढतो. जड लेन्स पूर्ण सामनाभर हातात धरली की शेवटी शेवटी माणूस कॅमेरा डोळ्यावरून खाली ठेवायला लागतो आणि नेमका तेव्हाच पेनल्टी कॉर्नर मिळतो. मोनोपॉडवर लेन्स सतत डोळ्याला राहते. तुमची फ्रेम तयार असते, बोट शटरवर असतं. याचं मोल मोठं आहे.

वापरण्याबद्दल लिहितो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. मोनोपॉड कॅमेऱ्याला लावू नका, लेन्सच्या कॉलरला लावा. कॅमेऱ्याला लावलात तर २३०० ग्रॅम वजन माउंटवरून (कॅमेरा आणि लेन्सचा जोड) पुढे लोंबकळतं. कॉलरचा स्क्रू किंचित सैल ठेवा, म्हणजे आडव्यावरून उभी फ्रेम एका मनगटात होते. ५०० मिमीला हे लागणारच. ५० मीटरवर आडव्या फ्रेमची उंची जेमतेम १.६ मीटर असते, उभा खेळाडू त्यात मावत नाही.

उंच बॉलचं विचारलंत. नुसत्या मोनोपॉडवर वर बघायचं तर काठी मागे कलवावी लागते. थोडं जमतं, जास्त नाही. एकाच दिशेने खाली-वर होणारं टिल्ट हेड बसवलंत की हा प्रश्न मिटतो. सगळ्या दिशांना फिरणारं बॉल हेड मात्र नको. ते सैल ठेवलं की लेन्स बाजूला कोसळते, घट्ट केलं की हलत नाही. डावी-उजवी हालचाल काठी स्वतःच गोल फिरून करते, त्यासाठी काही विकत घ्यायला नको. घेताना स्क्रू १/४ इंची आहे की ३/८ इंची ते बघा. अडॅप्टर छोटासा मिळतो, पण मैदानावर ऐन वेळी तो आठवून उपयोग नसतो.

आणखी एक. तळाला रबरी टोक असू द्या. खिळ्याचं टोक मैदानात रुतवू नका, तिथे उद्या पोरं अनवाणीही पळतात. आमच्या कृत्रिम टर्फवर तर खिळा चालतच नाही. सामन्याआधी टर्फवर पाणी मारलेलं असतं, कडेलाही ओल असते, रबर जरा घासून बघावं लागतं.

व्हीआर मोनोपॉडवर चालू ठेवा. निकॉन ट्रायपॉडवर तो बंद ठेवायला सांगतं, मोनोपॉडवर नाही. २००-५०० ला स्पोर्ट मोड आहे, तो लावा. १/१६०० ला धारेत फार फरक पडत नाही, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत राहतं आणि फोकसचा बिंदू खेळाडूच्या छातीवर ठेवता येतो. खेळाच्या फोटोत हुकलेल्या फोकसचं नुकसान हाताच्या थरथरीपेक्षा कितीतरी जास्त असतं.

प्रतिसाद ४

मला जरा वेगळं सांगायचंय. आधी बसायची जागा ठरवा, मग काठी.

फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब असतं. टचलाइनच्या मध्यावर उभं राहिलं की दोन्ही गोल ५० मीटरच्या पुढे जातात आणि माणसाला वाटतं, मोठी लेन्स हवी. गोललाइनच्या मागे, गोलपोस्ट आणि कॉर्नर फ्लॅगच्या मधोमध जमिनीवर बसा. डी (गोलसमोरचा पेनल्टी एरिया) साडेसोळा मीटर खोल आहे. सगळे हेडर, टॅकल, गोलकीपरच्या उड्या तुमच्यापासून वीस-पंचवीस मीटरच्या आत घडतात आणि खेळाडू तुमच्याकडे तोंड करून धावत येतात. तिथे ७०-३०० सुद्धा पुरून उरते. शिवाय समोरून येणारा खेळाडू फ्रेममध्ये आडवा सरकत नाही, त्यामुळे त्याच शटरला तो जास्त स्पष्ट येतो. संध्याकाळी हा फायदा सोडू नका.

बसल्यावर डावा पाय उभा दुमडा, कोपर गुडघ्याच्या थोडं पुढे मांडीवर टेकवा, हाडावर हाड नको. ६८० ग्रॅमच्या लेन्सला यापेक्षा चांगला टेकू नाही. खालून काढलेल्या फोटोत खेळाडू उंच दिसतो आणि मागे जाहिरातींच्या फलकांऐवजी भरलेली गॅलरी येते. कोल्हापूरची गॅलरी पाठीमागे असणं हे मोठं भाग्य आहे, ती फोटोत आलीच पाहिजे.

मोनोपॉड घेतलात तरी मिटवल्यावर त्याची उंची किती राहते ते बसून मोजा. हेड आणि लेन्सचा पाय धरून ती तुमच्या बसलेल्या डोळ्यापेक्षा वर गेली, तर सामनाभर मान ताणून बसावं लागेल. चार-पाच भागांचा मोनोपॉड जास्त आखूड मिटतो, पण खालचा बारीक भाग डुलतो, म्हणून उभं राहताना जाड भाग आधी उघडायचे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गॅलरी स्पष्ट आणि पाय ओढलेला, यातून कारण इतकं सरळ निघेल असं वाटलं नव्हतं. जुने फोटो पुन्हा उघडून बघितले. उजेड असतानाच्या फोटोंत हात हलल्याची खूण जवळपास नाहीच.

एक विचारायचं राहिलं. गोललाइनच्या मागे बसले आणि खेळ दुसऱ्या टोकाला गेला, तर तिथलं काहीच मिळणार नाही. मुलींच्या सामन्यांत मला दोन्ही संघांचे फोटो द्यायचे असतात. मग काय करता?

प्रतिसाद ४

मध्यंतरात संघ बाजू बदलतात, तुम्ही बदलू नका. पूर्वार्धात एका संघाची चढाई तुमच्याकडे येते, उत्तरार्धात दुसऱ्याची. एका जागेवर बसून दोन्ही संघ मिळतात. फक्त कमी उजेडाचा अर्धा भाग कोणाच्या वाट्याला येतो ते लक्षात ठेवा आणि पुढच्या सामन्याला उलट बाजू धरा.

प्रतिसाद ३

आणि पलीकडच्या टोकासाठीच २००-५०० मोनोपॉडवर लावून बाजूला ठेवतात, जवळचं दुसऱ्या कॅमेऱ्यावर. खेळाडू अंगावर धावून आला तर मोनोपॉड आडवा पडलेला नको, खांद्याला टेकवून उभा धरा आणि गरज पडली तर घेऊन उठा. तुमच्याकडे कॅमेरा एकच आहे, म्हणून सध्या तरी ती लेन्स घाईने घेऊ नका. एका सामन्यापुरती ७०-२०० एफ/२.८ भाड्याने आणून तोच शेवटचा अर्धा तास काढून बघा.

प्रतिसाद ५

ट्रायपॉड किंवा क्लॅम्प खरोखर उपयोगी पडतो ती एक जागा राहिली. गोलजाळीच्या मागे रुंद लेन्सचा कॅमेरा जमिनीलगत घट्ट बसवायचा, फोकस गोलरेषेच्या जरा पुढे हाताने लावून ठेवायचा आणि शटर रिमोटने दाबायचं. आयोजकांची परवानगी आधी घ्यावी लागते आणि कॅमेरा जाळीपासून लांब ठेवावा लागतो, कारण जोरात आलेला बॉल जाळीला चांगलाच मागे ताणतो. दुसरा कॅमेरा आला की करून बघा.

धागाकर्ती

२००-५०० वाल्यांना थांबायला सांगितलंय. पुढच्या सामन्याला ७०-३०० हातात, जागा गोललाइनच्या मागे, आयएसओ ६४०० आणि शटर १/१००० च्या खाली नाही. ७०-२०० भाड्याने मिळते का याची चौकशी सुरू केली आहे. कोल्हापूर-सांगलीकडे कोणाकडे टिल्ट हेड लावलेला मोनोपॉड असेल आणि एका संध्याकाळपुरता बसून बघायला मिळाला, तर मिटवलेल्या उंचीचा अंदाज येईल. इथेच कळवा, मी येऊन घेऊन जाईन.