मॅरिस ऑटरवर इंग्लिश बिटर करायचीये, २० लिटरची रेसिपी तपासून द्या (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,
मी नेरूळला एका मायक्रोब्रुअरीत ब्रुअरच्या हाताखाली काम करतो. जागा परवान्याची आहे, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, तेव्हा तो विषय इथे नको प्लीज. मोठ्या टाक्यांशिवाय आमच्याकडे २० लिटरचा एक छोटा सेट आहे, नवीन रेसिपी आधी त्यावर करतो, जमली तर मोठ्या टाकीत जाते.

तर मला साधी बिटर (इंग्लंडची कमी अल्कोहोलची, कडवटसर बिअर) करायचीये आणि ती मॅरिस ऑटर या इंग्लिश बार्लीच्या माल्टवरच (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य). मालकांचं म्हणणं, इंपोर्टेड गोणी एवढी महाग, निम्मा इथला पेल माल्ट घाल, गिऱ्हाइकाला काय कळतंय. मला मनापासून वाटतं की कळतं. गोणी फोडल्यावर मूठभर दाणे चावून बघितले, कुरकुरीत, आणि मागाहून मारी बिस्किटासारखी खमंग गोडसर चव बराच वेळ जिभेवर राहते, इथल्या माल्टला ती नाही. ही बार्ली केंब्रिजच्या प्लँट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्रॉक्टर आणि पायोनियरच्या संकरातून काढली, १९६५-६६ पासून शेतात आहे, नंतर जास्त उताऱ्याच्या जाती आल्या आणि १९८९ ला ती तिकडच्या शिफारशीच्या यादीतूनही गेली, तरी ब्रुअर लोक जास्त पैसे मोजून आजही घेतायत म्हणजे काहीतरी असणारच ना.

मी असं धरलंय: मॅरिस ऑटर ३.३ किलो, क्रिस्टल माल्ट (टॉफीच्या चवीचा) ५०० ग्रॅम, मॅश (दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६७ डिग्रीला तासभर, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (कडवटपणासाठीची फुलं) उकळीत ४० ग्रॅम ६० मिनिटं आणि २० ग्रॅम शेवटची १५ मिनिटं, यीस्ट एस-०४ चं एक पाकीट, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (आंबवण्याआधी रसाची घनता) १.०४० च्या आसपास. पाणी मोरबे धरणाचं, हलकं. निम्मा इथला माल्ट घातला तर नक्की काय जाईल, आणि पाण्यात काही घालायला हवं का, एवढं सांगा.

घोडबंदरवाला:
निम्म्याला हो म्हणू नकोस. आपल्याकडे माल्टला बरीचशी सहा रांगांची बार्ली जाते, दाणा बारीक, प्रथिनं जास्त, बिअर होते पण चव पातळ लागते. बिटरमध्ये लपायला जागाच नाही, हॉप्स मोजके, अल्कोहोल चारच्या आत, जे काय आहे ते माल्टचं. पैसे वाचवायचेच असतील तर स्टाउटमध्ये वाचव, तिथे भाजलेल्या माल्टखाली कोणाला पत्ता लागत नाही.

मला खटकतंय ते क्रिस्टल. ५०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ १३ टक्के झालं, टॉफीची चव वर येणार आणि ज्याच्यासाठी गोणी आणलीस तेच झाकलं जाणार. २०० वर आण, मॅरिस ऑटर ३.४ कर.

पाण्याचं बरोबर विचारलंस, इंग्लंडमधल्या बर्टन गावची बिटर गाजली ती तिथल्या जिप्समच्या पाण्यावर आणि आपलं धरणाचं पाणी त्याच्या अगदी उलट. एकूण २८ लिटर पाणी धरलं तर ५ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पुरे, फूड ग्रेडचंच घे. पाण्यातला क्लोरीन घालवायला चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आदल्या रात्री.

अजून एक, इंग्लंडच्या रेसिपीत मॅशचं पाणी ७५ डिग्रीला घ्या लिहिलेलं असतं ते तिकडच्या २० डिग्रीच्या दाण्यासाठी. आपल्याकडे दाणाच ३० डिग्रीचा, किलोला अडीच लिटर पाणी असेल तर ७३ पुरे होतं, नाहीतर मॅश ६९ च्या जवळ जातो आणि बिअर गोड राहते.

धागाकर्ता:
दादा खूप आभार, दाण्याच्या तापमानाचं हे कुठेच वाचलं नव्हतं. उरलेल्या गोणीचं काय करू, पावसाळा तोंडावर आलाय आणि स्टोअरमध्ये एसी नाही.

ऐरोलीची ताई:
गोणीत ठेवूच नका! माल्टमध्ये पाणी चार-पाच टक्केच असतं, आपल्या जुलैच्या हवेत तो भराभर सादळतो. मी झाकणाला रबर असलेल्या पिंपात भरते, सिलिका जेलच्या पिशव्या टाकते, दळायचा त्याच दिवशी दळते. दाणा चावून बघा, कुरकुर न होता चिवट लागला तर सादळलाय. सोंडे पडलेत का तेही तळाशी हात घालून बघत जा.

फर्मेंटर (बिअर आंबवायची टाकी) १८-१९ डिग्रीला ठेवायचाय ना? खोलीचं नाही, आतल्या बिअरचं तापमान मोजा, पहिले दोन दिवस यीस्ट स्वतःच गरम करते.

घोडबंदरवाला:
आणि गिऱ्हाइकाला काय कळतंय म्हणतात त्यांना सांग की चार डिग्रीला ओतली तर खरंच कळणार नाही, एवढ्या थंडीत माल्टचा वासच येत नाही. बिटर ११ ते १३ डिग्रीला द्यायची, गॅस कमी. त्यांनाही दोन ग्लास भरून दे, एक थंड, एक या तापमानाला.

धागाकर्ता:
हेच करतो. नळाची लाइन मात्र सगळी एकाच चिलरवर आहे, एका केगपुरतं (बिअरच्या पिंपापुरतं) वेगळं तापमान ठेवायला कोणी स्वस्तात काही जुगाड केलंय का?