मावसभावाचा बँड खरंच आवडतोय, की भाऊ आहे म्हणून?

रात्रपाळी:
माझा मावसभाऊ एका इंडी (कुठल्या म्युझिक कंपनीशिवाय, स्वतःच्या जिवावर चालणाऱ्या) बँडमध्ये ड्रम्स वाजवतो. चौघांचा बँड. नाव मुद्दाम देत नाही, उगाच जाहिरात वाटायची. तीन महिन्यांपूर्वी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाच गाण्यांचे रफ मिक्स (म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग्ज) पाठवले, "ताई, खरं काय ते सांग" म्हणून. आठवडाभर मी ते उघडलेच नाहीत. वाईट निघालं तर तोंडावर सांगायचं काय?

मग एका रात्री भांडी घासताना लावलं. तिसऱ्या गाण्यात मध्येच सगळं थांबतं. चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, नुसता बेस गिटार. चौथ्या बारात एक स्टूल करकरतं (पठ्ठ्या सरसावून बसला असणार!) आणि सगळे एकदम तुटून पडतात. मी नळ तसाच वाहता ठेवून उभी. तेव्हापासून रोज ऐकतेय.

आता त्या गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, बाहेर आलाय. आवाज स्वच्छ, पण ती करकर काढून टाकलीय. मला जुनंच आवडतं. हे वेड गाण्याचं की नात्याचं? आणि त्यांना मदत करायची तर स्पॉटिफायवर रात्रभर लूप लावून ठेवू का?

खर्ज:
लूप अजिबात नको. ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात हे खरं, पण असले फुगवलेले आकडे पकडले गेले तर भुर्दंड बँडलाच. शिवाय २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीच मिळत नाही. बँडकॅम्पवर (बँडकडून थेट गाणी विकत घ्यायची वेबसाइट) असतील तर सरळ विकत घ्या. डिजिटल विक्रीत बँडकॅम्पचा वाटा साधारण १५ टक्के आणि वर पेमेंटचा खर्च, बाकी बँडला. 'बँडकॅम्प फ्रायडे' (त्यांनी जाहीर केलेले ठरावीक शुक्रवार) असेल त्या दिवशी तर तो वाटाही सोडतात, २०२० पासून चालू आहे हे. फ्लॅक फाइलही (आवाजाचा दर्जा न घटवलेली) मिळेल, भांडी घासताना फरक कळणार नाही म्हणा.

जुनी कॅसेट:
नात्याने एवढं होत नाही हो. माझ्या सख्ख्या भावाचा बँड होता, एकही गाणं माझ्याच्याने शेवटपर्यंत ऐकवलं नाही.
करकरीचं त्याला सांगितलंत का? "मस्त झालंय" तर त्याला सगळेच सांगतात.

रात्रपाळी:
आत्ताच फोन केला. आधी बराच वेळ हसला. म्हणे, ती करकर ठेवायची म्हणून तो गिटारवाल्याशी दोन दिवस भांडला आणि हरला. रफ मिक्स बोनस ट्रॅक म्हणून टाकायचा विषय आता परत काढतो म्हणाला.

आणि ते स्टूल आमच्या घरचं आहे! ड्रमचं स्टूल मोडलं म्हणून मागच्या वर्षी न विचारता उचलून नेलं होतं. मी घरभर शोधत होते.