अनुभव धागा: परदेशातलं शहर, घरची माणसं आणि एक दिवस

खारीबिस्किट
माळा आवरताना बाबांची पोचा आलेली स्टीलची बाटली सापडली आणि २०१८ मधला रोमचा दिवस जसाच्या तसा आठवला. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त. कलोसियमच्या रांगेत ऊन मी म्हणत होतं, तेवढ्यात त्यांना कोपऱ्यावर एक लोखंडी नळ दिसला. बुटका, बाकदार नाकाचा, पाणी अखंड वाहतंय. "तोटी कुठाय? बंद कोण करतं?" कुणीच नाही! नाझोनी म्हणतात त्यांना, म्हणजे मोठी नाकं. १८७० च्या दशकापासून आहेत, शहरात अडीच हजारांच्या आसपास. एका पोराने नळाच्या तोंडाशी बोट दाबलं, तर नाकावरच्या भोकातून पाण्याची चूळ वर उडाली. बाबांनी लगेच करून बघितलं. चष्मा भिजला.

मग दिवसभर आम्ही रोम बघतोय आणि बाबा नळ. प्रत्येक ठिकाणी बाटली ओतायची, भरायची, "दाब बरा आहे" म्हणायचं. पँथिऑन या प्राचीन देवळाच्या घुमटाला मधोमध भलंमोठं उघडं भोक आहे. आई वर बघून हात जोडतेय, बाबा खाली वाकून फरशीत पावसाचं पाणी जायची छिद्रं शोधतायत. सापडली! संध्याकाळी स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्यांवर टेकलो आणि बाटली सुटली. टण टण टण, पार खालपर्यंत. तुमचे किस्से येऊ द्या.

उनाड
आता टेकून दाखवा तिथे :) २०१९ पासून बंदी आहे. आमच्या मामींना पोलिसाने शिट्टी मारून उठवलं. मामींनी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून सांगितलं, मराठीत. त्याला कळलं बहुतेक. उठवलंच.

सासवडची
दाब बरा आहे =)) आमचे सासरे जातील तिथे भाजीचे भाव विचारतात.

घाईतआहे
पॅरिस. मंगळवार. लूव्हर. ज्यांना कळलं त्यांना कळलं.

सासवडची
नाही कळलं

घाईतआहे
म्युझियम मंगळवारी बंद असतं हो! काचेच्या पिरॅमिडबाहेर उभं राहून मुलांना फोनवर मोनालिसा दाखवली. नाहीतरी खरं चित्र ७७ बाय ५३ सेंमीच आहे, अशी स्वतःची समजूत घातली. बायको अजून बोलत नाही त्या विषयावर. कुकर झालाय, पळते... आपलं, पळतो.

ताकभात
व्हॅटिकनचं सेंट पीटर चर्च. भाचा हाफ पँटमध्ये, गुडघे उघडे, आत सोडेनात. ताईची ओढणी लुंगीसारखी गुंडाळली. मग म्हणे घुमटावर जायचं. सगळ्या पायऱ्या चढलात तर ५५१, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच. शेवटी तर भिंतच कलते, माणूस तिरका होऊन चालतो. ओढणी पायात येतेय, मागे रांग, परत फिरायची सोय नाही, ताईची रामरक्षा चालू. वर सगळं रोम समोर, आणि भाचा विचारतो, इथे वडापाव मिळतो का.

रिकामटेकडा
रोमच्या ट्रेव्ही कारंज्यात आजीने रुपया टाकला, रेल्वेतून खाडीत टाकते तसा. म्हटलं आजी, पाठ करून उभं राहायचं, उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून टाकायचं. समोर समुद्रदेवाचा पुतळा. "देवाला पाठ दाखवू होय रे?"

उनाड
ते पैसे गोळा करून कारितास संस्थेला देतात, गरिबांसाठी. आजीच्या रुपयाचं काय केलं असेल? बाय द वे आमच्याकडेही हात मारला होता गर्दीत. चोराला नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या मिळाल्या.

रिकामटेकडा
त्याला गरज असेल, पळापळीचं काम आहे.

सासवडची
आम्ही सप्टेंबरात चाललोय. दशम्या टिकतात का?

ताकभात
दुधातल्या दोन दिवस आरामात. चटणी कोरडी न्या, तेलाची नको. आमच्या बॅगेत सांडली होती, पासपोर्टला अजून लसणाचा वास येतो.

खारीबिस्किट
=)) बाबांना सगळं वाचून दाखवलं. "ते राहू दे, बाटली दे इकडे." पण झाकणाची रबरी रिंग गेलीये, गळते. पुण्यात कुठे मिळेल?

घाईतआहे
बोहरी आळी. झाकण बरोबर न्या, माप लागतं.