गर्भपाताला नवऱ्याची सही कशाला?

रानपाखरू
मामेबहिणीला सातवा आठवडा, पहिलं मूल अजून अंगावर पितंय. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं ठीक म्हणाल्या आणि वर, "मिस्टरांना घेऊन या, सही लागेल." मिस्टर आखातात! १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान बाईची एकटीची लेखी संमती पुरते. नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत लागतं. मग हे सहीचं खूळ कुठून आलं?

सडेतोड
खूळ नाही, धसका आहे. उद्या नवरा चार माणसं घेऊन आला की काचा डॉक्टरच्या फुटतात. आणि म्हैसाळ विसरलात? २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात १९ भ्रूण पुरलेले सापडले. कडक राहायलाच हवं.

गल्ल्यावरचा
माझं मेडिकल आहे. म्हैसाळनंतर गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. एकेका किटचा हिशेब, बिल, चिठ्ठीची प्रत... तपासणीला साहेब आले की अर्धा दिवस गेलाच. कुणी सांगितलंय? गिऱ्हाइकाला "येत नाही" म्हणतो. गंमत बघा, गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच्या. सोनोग्राफीत लिंग कळतं त्यानंतर. म्हणजे मुलगी पाडणाऱ्यांना पकडायचं म्हणून दुकानं भलत्याच बायकांना बंद झाली.

सडेतोड
कागदावर ९. प्रत्यक्षात चौथ्या महिन्यातही चिठ्ठीशिवाय गोळी घेतात आणि रक्तस्राव थांबेना की रात्री सिव्हिलला आणतात. त्याचं काय?

रानपाखरू
चिठ्ठीशिवाय का घेतात? चिठ्ठी देणारा सही मागतो म्हणून! २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काही ठरावीक बायकांसाठी असलेली २४ आठवड्यांची मुदत अविवाहितेलाही लागू केली. कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, हेही त्यातच आहे.

सडेतोड
निकाल दिल्लीत लागतो हो. तालुक्यात एकटी प्रॅक्टिस करणाऱ्या बाईने काय करायचं? मी तिच्या जागी असतो तर सही मागितलीच असती.

गल्ल्यावरचा
दवाखान्यावर हल्ला केला तर राज्यात २०१० पासून वेगळा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र. नवरा दंगा करायला आला तर पोलिसांना फोन लावा ना. पेशंटला कशाला परत पाठवता?